शिडाच्या नौकेला रडारचा पल्ला किती हवा?

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात, देगावच्या परिसरात म्हादई नदी उगम पावते. आपल्या सीमाभागात तिचे नाव निघाले की बहुधा पाणीवाटपाचा प्रश्न चर्चेला येतो. परंतु याच नदीचे नाव धारण करणाऱ्या एका शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हादई घाट उतरून गोव्यात शिरते, तेथे ती मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. त्याच मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने भारतीय नौदलासाठी ५६ फूट लांबीची एक नौका बांधली. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली आणि तिचे नाव ठेवण्यात आले 'म्हादेई'.

१९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे या नौकेतून एकटेच मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार ठिकाणी थांबत ते मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या उपक्रमाची कल्पना आणि पाठपुरावा व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा होता. निवृत्तीनंतर फलटणजवळ राहून त्यांनी हे स्वप्न जोपासले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'म्हादेई'ची धाकटी बहीण शोभावी अशा 'तारिणी'तून हाच पराक्रम केला. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 'तारिणी'तूनच पुन्हा प्रदक्षिणा पूर्ण केली.

या प्रवासांची वर्णने वाचताना वैद्यकीय व्यवसायातील माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. एक-दोन माणसे, अंधारी रात्र, धुके किंवा पाऊस आणि आसपास अजस्र मालवाहू जहाजे. अशा वेळी नौकेने किती दूरवर पाहावे? छोट्या नौकांसाठी मिळणाऱ्या रडारच्या माहितीपत्रकांत २४, ३६, ४८ सागरी मैल असे पल्ले ठळक अक्षरांत छापलेले असतात. जितका पल्ला मोठा तितकी सुरक्षितता अधिक, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात तसे नाही. शिडाच्या नौकेचे जीवनमरणाचे बहुतेक निर्णय १२ सागरी मैलांच्या आत घेतले जातात आणि त्यांतील सर्वांत कठीण निर्णय तर २-३ मैलांच्या आत. असे का, ते समजून घेणे उद्बोधक आहे. आणि डॉक्टरांना तर ते विशेष सोपे जावे, कारण रडार आणि आपले सोनोग्राफी यंत्र ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

प्रतिध्वनीचे शास्त्र

सोनोग्राफीत आपण ध्वनीचा स्पंद शरीरात पाठवतो आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून खोली ठरवतो. रडारमध्ये ध्वनीच्या जागी रेडिओलहरी असतात. लहान नौकांच्या रडारमध्ये त्यांची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर असते. येथे एक मनोरंजक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. शरीराच्या ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. त्यामुळे १ सेंटिमीटर खोलीवर जाऊन परत येण्यास त्याला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. रेडिओलहरींना १ सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, जाऊन परत येण्यास १२.३५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे बाळाच्या पोटातील एक सेंटिमीटर आणि समुद्रावरील एक मैल यांचा हिशेब घड्याळाच्या दृष्टीने जवळजवळ सारखाच!

हे साम्य येथेच संपत नाही. नवजात बालकाच्या टाळूवरून मेंदू पाहताना आपण खोली २० सेंटिमीटरवर ठेवत नाही. तशी ठेवली तर मेंदूचे चित्र पडद्याच्या वरच्या भागात आक्रसून जाईल आणि उरलेल्या पडद्यावर कामाचे काहीच दिसणार नाही. रडारचेही तेच. २४ मैलांच्या पल्ल्यावर ठेवलेल्या पडद्यात २ मैलांवरील होडी मध्यबिंदूला चिकटलेल्या ठिपक्यासारखी दिसते. किंबहुना ती दिसतच नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

क्षितिजाची भिंत

पल्ल्यावर पहिली मर्यादा पृथ्वीच्या गोलाईची. रडारलहरी साधारण सरळ रेषेत जातात. वातावरणामुळे त्या किंचित वाकतात व डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोड्या पुढे पोहोचतात, इतकेच. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे. अँटेनाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला २.२ ने गुणावे. उत्तर सागरी मैलांत मिळते. समोरच्या वस्तूच्या उंचीचाही असाच हिशेब करून दोन्ही अंतरांची बेरीज करावी.

'म्हादेई'ची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे. परंतु एवढ्या उंचीवर जड यंत्र बसवले तर नौकेचा तोल बिघडतो आणि झोकांड्यांबरोबर ते यंत्रही भलतेच झुलते. म्हणून अशा आकाराच्या नौकांवर रडार बहुधा डोलकाठीच्या खालच्या निम्म्या भागात किंवा मागील बाजूच्या खांबावर बसवतात. आपण ६ मीटर उंची धरू. तिचे क्षितिज सुमारे ५.४ मैलांवर येते. समोरून येणारे मालवाहू जहाज पाण्यापासून २५ मीटर उंच असेल तर त्याचे ११ मैल. दोहोंची बेरीज १६.४ मैल. त्यापलीकडे ते जहाज गोलाईच्या आड असते. रडारवर ४८ मैल छापलेले असोत वा ९६. मासेमारी होडी पाण्यावर २ मीटरच असेल तर बेरीज ८.५ मैलांवरच थांबते.

आता उंची दुप्पट करून अँटेना १२ मीटरवर नेली तरी तिचे स्वतःचे क्षितिज ५.४ वरून ७.६ मैलांवरच जाते. वर्गमूळाचा हिशेब असल्याने कष्ट दुप्पट आणि लाभ अवघा दोन मैलांचा.

मग २४ किंवा ३६ मैलांवर काय दिसते? दिसतात ते डोंगर. हे आपल्या भागातील उदाहरणाने चांगले समजेल. बेळगावकर आणि निपाणीकर समुद्राकडे निघाले की आंबोली किंवा फोंडा घाटाने उतरतात. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. वरील रीतीने या उंचीचे क्षितिज ५८ मैलांवर येते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून आंबोली हवाई अंतराने सुमारे २२ सागरी मैल आत. वेंगुर्ल्यासमोर १२ मैल खोल समुद्रात असलेल्या नौकेने रडार ३६ मैलांवर लावले, तर ३४ मैलांवरील सह्याद्रीचा कडा तिला दिसू शकतो. मात्र वेंगुर्ल्याची सखल वाळूची किनारपट्टी १२ मैलांवर असूनही क्षितिजाखाली दडलेली असते. म्हणजे पडद्यावर प्रथम उमटणारी जमीन हा किनारा नसून त्याच्या मागचा डोंगर असू शकतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो किनारा अजून दूर आहे असे समजून खडकांकडे बिनधास्त जाईल. वेंगुर्ल्याच्या खडकांवर दीपगृह उभारावे लागले, ते उगाच नव्हे.

शक्ती वाढवून काय मिळते?

दुसरी मर्यादा शक्तीची. रडारची लहर जाताना पसरत जाते आणि प्रतिध्वनी परत येतानाही पसरतो. त्यामुळे परत येणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती १६ पट हवी. २ किलोवॅटच्या रडारऐवजी ४ किलोवॅटचे घेतले तर तीच वस्तू दिसण्याचे अंतर अवघे १९ टक्क्यांनी वाढते. माहितीपत्रकात मात्र पल्ल्याचा आकडा २४ वरून ३६ वर जातो! तो आकडा पडद्याच्या मापाचा असतो. तेवढ्या अंतरावरची प्रत्येक वस्तू दिसेल, अशी हमी त्यात नसते.

जास्त शक्तीचा उपयोग नाही, असे मात्र नाही. मुसळधार पावसातून पलीकडे पाहताना आणि कमी परावर्तन करणारी वस्तू शोधताना ती उपयोगी पडते. पण केवळ लांबचे दिसावे म्हणून तिच्यावर खर्च करणे हे क्षितिजाच्या भिंतीवर अधिक जोराने डोके आपटण्यासारखे आहे.

निर्णयाला किती वेळ हवा?

कोणतीही तपासणी सांगण्यापूर्वी आपण स्वतःला विचारतो, की हिच्या निष्कर्षाने उपचारात काही बदल होणार आहे काय? रडारच्या पल्ल्यालाही हाच प्रश्न विचारावा. शिडाची नौका ताशी ६ मैल, म्हणजे ६ नॉट वेगाने चालली आहे आणि समोरून १८ नॉट वेगाचे जहाज येत आहे, असे समजू. दोघांतील अंतर ताशी २४ मैलांनी कमी होते. १२ मैलांवर ते दिसले तर हाती ३० मिनिटे असतात. ६ मैलांवर १५ मिनिटे. ३ मैलांवर साडेसात मिनिटे.

दर्यावर्दी लोक सहा मिनिटांची एक सोपी युक्ती वापरतात. ठिपक्याची जागा टिपायची, सहा मिनिटांनी पुन्हा टिपायची. दरम्यान तो जितके मैल सरकला त्याला दहाने गुणले की ताशी वेग मिळतो. आपल्या उदाहरणात ठिपका सहा मिनिटांत २.४ मैल जवळ येईल. १२ मैलांवर पहिली नोंद, ९.६ वर दुसरी, ७.२ वर तिसरी. एवढ्या तीन नोंदींत ठिपक्याची दिशा बदलत नसून अंतर मात्र घटत आहे असे दिसले, तर टक्कर होण्याचा धोका निश्चित समजावा. तरीही दिशा बदलण्यास १८ मिनिटे शिल्लक राहतात. शिडाच्या नौकेला शिडे फिरवण्यास, झोपलेल्या सहकाऱ्यास उठवण्यास, गरज पडल्यास इंजिन सुरू करण्यास एवढा अवधी पुरेसा आहे. २४ मैलांवरून तेच जहाज पाहता आले असते तरी आपण त्या क्षणी काहीही केले नसते. म्हणून मोठ्या जहाजांसाठी १२ मैलांचा पल्ला हा भरपूर पल्ला होय.

खरा धोका जवळचा

आता लहान होड्यांकडे वळू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. ऑगस्ट उजाडला की मालवण, वेंगुर्ला, गोवा, कारवार येथील शेकडो ट्रॉलर आणि होड्या समुद्रात लोटल्या जातात. कित्येक होड्यांची कवचे लाकडाची किंवा फायबरग्लासची असतात आणि दोन्ही पदार्थांतून रडारलहरी बऱ्याच प्रमाणात आरपार जातात. गणिताप्रमाणे अशी होडी ८ मैलांवर क्षितिजाच्या वर असली, तरी तिचा भरवशाचा प्रतिध्वनी पुष्कळदा दोन-तीन मैलांच्या आतच मिळतो. खवळलेल्या समुद्रात तर ती लाटांच्या प्रतिध्वनींत मिसळून जाते. मोठे जहाज आपल्याला बुडवू शकते, हे सर्वांना कळते. पण आपली २३ टन वजनाची नौका एखाद्या तांडेलाच्या होडीवर चढली तर त्याचे काय होईल, याचा विचार क्वचितच होतो. त्या होडीत चार-पाच संसारांचे कर्ते पुरुष बसलेले असतात.

ही होडी दिसण्यासाठी पल्ल्यापेक्षा तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या.

पहिली, झोताची रुंदी. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या घुमटातील अँटेनाचा झोत सुमारे ५ अंश रुंद असतो, ६० सेंटिमीटरचा सुमारे ४ अंश, आणि सव्वा मीटर लांबीच्या उघड्या फिरत्या अँटेनाचा सुमारे २ अंश. ५ अंशांचा झोत ३ मैलांवर जवळजवळ ४८५ मीटर रुंद झालेला असतो. त्या अंतरावर ३०० मीटर अंतराने शेजारीशेजारी चाललेल्या दोन होड्या पडद्यावर एकच डाग म्हणून उमटतात. त्या दोघी मिळून जाळे ओढत असतील, तर मधल्या मोकळ्या जागेतून जाण्याचा विचार किती घातक ठरेल हे सांगायला नको. २ अंशांच्या झोताने त्याच होड्या सुट्या दिसतात. तेव्हा पैसे आणि जागा असतील तर ती शक्तीपेक्षा अँटेनाच्या रुंदीवर खर्च करावीत.

दुसरी, स्पंदाची लांबी. ०.०८ मायक्रोसेकंदाचा आखूड स्पंद एकामागे एक असलेल्या दोन वस्तू १२ मीटरचे अंतर असले तरी वेगळ्या दाखवू शकतो. लांब पल्ल्यासाठी यंत्र आपोआप ०.८ मायक्रोसेकंदासारखा लांब स्पंद वापरते, आणि मग हेच अंतर १२० मीटर होते. म्हणजे पल्ला वाढवताच यंत्र तपशील टाकून देते. सोनोग्राफीत खोल पाहण्यासाठी कमी वारंवारितेचा प्रोब घेतला की बारकावा जातो, तसाच हा व्यवहार आहे.

तिसरी, संवेदनशीलतेची योग्य जुळणी. सोनोग्राफीत वेगवेगळ्या खोलीवर गेन कमीजास्त करणाऱ्या सरकत्या कळा असतात. रडारवर लाटांचे प्रतिध्वनी कमी करणारी कळ नेमके हेच काम करते. जवळच्या अंतरावरील गेन ती घटवते. ती कमी ठेवली तर पडद्याचा मध्यभाग लाटांच्या ठिपक्यांनी भरून जातो. जास्त फिरवली तर पडदा स्वच्छ, सुंदर दिसतो आणि होडीही त्यातून पुसली जाते. संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची ओढाताण आपल्या परिचयाची आहे. आंबोलीच्या धुक्यात गाडी चालवणाऱ्यांना तिसरे उदाहरण देता येईल. तेथे प्रखर दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली केला की चार हात रस्ता दिसतो आणि तेवढाच कामाचा असतो.

कललेली नौका, मोजकी वीज

शिडाच्या नौकेच्या दोन अडचणी मोठ्या जहाजांना नसतात. वाऱ्याच्या जोराने ती एका कुशीवर कलून चालते. रडारचा झोत उभ्या दिशेने सुमारे २५ अंश रुंद, म्हणजे क्षितिजाच्या वर-खाली साडेबारा-साडेबारा अंश असतो. नौका २० अंश कलली की खालच्या कुशीकडील झोत जवळच्याच पाण्यात घुसतो आणि वरच्या कुशीकडील झोत आकाशाकडे जातो. समोर आणि मागे ठीक दिसते. बाजूंना मात्र आंधळे पट्टे निर्माण होतात. म्हणून काही नौकांवर अँटेना आडवी राखणारी झुलती बैठक बसवतात. तशी सोय नसेल तर अधूनमधून शीड सैल करून नौका सरळ करावी, एक-दोन फेरे नीट पाहावे आणि मग पुन्हा वाट धरावी. छापील पल्ला कितीही असला तरी हा उपाय करावाच लागतो.

दुसरी अडचण विजेची. जुन्या मॅग्नेट्रॉन पद्धतीचे लहान रडारही १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ३ अँपिअर घेते. चोवीस तासांत ते ७० अँपिअर-तासांहून अधिक झाले. दिवे, सुकाणूचे स्वयंचलित यंत्र, गोड्या पाण्याचे यंत्र आणि संपर्कसाधने यांचीही भूक याच बॅटऱ्यांनी भागवायची असते. त्यामुळे रडार सतत न चालवता ठरावीक मिनिटांनी काही फेऱ्यांपुरते जागे होईल असे लावतात. अलीकडच्या अर्धवाहक पद्धतीच्या रडारांनी ही अडचण पुष्कळ कमी केली आहे. ती थोड्या विजेवर चालतात, तापण्यासाठी थांबावे लागत नाही आणि अगदी जवळचेही दाखवतात. काहींत डॉप्लर तत्त्वाने आपल्याकडे येणारी वस्तू वेगळ्या रंगात दिसते. हृदयाच्या इकोवर रंगीत डॉप्लर पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दूर पाहावे ते केव्हा?

लांब पल्ल्याचे दोन उपयोग खरे आहेत. पहिला उंच किनारा ओळखण्याचा. परंतु उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चितीमुळे त्याची निकड आता फारशी राहिलेली नाही. ते यंत्र बिघडले तर मात्र तो पुन्हा कामी येतो. दुसरा उपयोग पावसाच्या सरी आणि वादळी ढग पाहण्याचा. पावसाचा ढग कित्येक किलोमीटर उंच असतो, त्यामुळे तो क्षितिजाआड दडत नाही आणि २० मैलांवरूनही दिसू शकतो. रात्रीच्या वेळी येणाऱ्या वावटळीची अर्धा तास आधी चाहूल लागली तर शिडे कमी करता येतात. त्यासाठी तासातून एकदा २४ मैलांवर नजर टाकणे पुरेसे आहे. त्यापलीकडच्या हवामानासाठी पणजीच्या डॉप्लर रडारसारखी किनाऱ्यावरची मोठी यंत्रे आणि अंदाज आहेतच. ते काम डोलकाठीवरच्या घुमटाकडून करून घेण्यात अर्थ नाही.

दक्षिण महासागरात केप हॉर्नकडे जाताना हिमखंडांचा प्रश्न येतो. मोठा हिमनग रडारवर दिसतो. त्याचा तुटलेला, पाण्याबरोबर डोकावणारा तुकडा मात्र लाटांत हरवतो, आणि नौकेला फोडतो तो हाच. येथेही प्रश्न जवळचे बारकाईने पाहण्याचाच आहे.

यंत्र, नियम आणि माणूस

जहाजांची स्वयंचलित ओळखप्रणाली, म्हणजे एआयएस, हा आता रडारचा उत्तम जोडीदार झाला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना ती सक्तीची आहे. जहाजाचे नाव, दिशा आणि वेग ती रेडिओवरून स्वतः सांगते, आणि शिडाच्या नौकेला हे अल्प विजेत कळते. परंतु लहान होडीवर, तरंगत्या ओंडक्यावर किंवा हिमखंडावर एआयएस नसते. रुग्ण स्वतः लक्षणे सांगू शकतो तेव्हा इतिहास विचारावा; बोलू न शकणाऱ्या बालकाची मात्र तपासणीच करावी लागते. एआयएस हा इतिहास आणि रडार ही तपासणी, असे म्हणता येईल.

आपण इतरांना दिसणे हेही तितकेच आवश्यक. 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नौकांची कवचे लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवून केलेली आहेत. अशी नौका मोठ्या जहाजाच्या रडारवर क्षीण दिसते. म्हणून डोलकाठीवर धातूचा रडार-परावर्तक लावतात. आपले रडार आपले डोळे आहेत. परावर्तक हा आपला कंदील.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत रडारविषयी दोन सूत्रे स्पष्ट आहेत. डोळे आणि कान उघडे ठेवून पहारा सदैव चालू ठेवला पाहिजे, आणि अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधू नयेत. एरवी यांत्रिक जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी असा नियम आहे. दाट धुक्यात परस्परांना न पाहणाऱ्या जहाजांना मात्र तो लागू होत नाही. तेथे प्रत्येकाने स्वतःच सावध राहायचे असते. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेटजवळ 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन प्रवासी जहाजे एकमेकांवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. दोन्ही जहाजांवर रडार होते आणि दोघांनीही परस्परांना कित्येक मैलांवरून पाहिले होते. कमी पडला तो पल्ला नव्हे. दिसलेल्या ठिपक्याचा अर्थ लावण्यात गफलत झाली.

एकट्या दर्यावर्दीला झोप घ्यावीच लागते. रडारभोवती दोन ते चार मैलांचे पहारा-कडे आखून त्यात काही शिरताच भोंगा वाजेल अशी सोय करता येते. मात्र प्रत्येक लाटेला आणि सरीला तो वाजू लागला, तर थकलेला माणूस तो बंद करून टाकतो. नवजात अतिदक्षता विभागात अष्टौप्रहर किणकिणणाऱ्या मॉनिटरांची सवय झालेल्या परिचारिका आणि डॉक्टर हे चांगले जाणतात. त्यामुळे भोंग्याची मर्यादा विचारपूर्वक ठरवणे हे यंत्र विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे.

निष्कर्ष

शिडाच्या नौकेला २४ मैलांचे साधे रडार पुरेसे आहे. नेहमीची नजर ६ ते १२ मैलांवर ठेवावी, होड्यांच्या पट्ट्यात ती दीड ते ३ मैलांवर आणावी आणि अधूनमधून २४ मैलांवर टाकून परत घ्यावी. अधिक पैसे असतील तर ते रुंद अँटेना, कमी वीज खाणारे यंत्र, एआयएस आणि चांगला परावर्तक यांवर खर्च करावेत. सर्वांत अधिक वेळ द्यावा तो सरावाला. स्वच्छ हवेत, भर दिवसा, डोळ्यांना दिसणारी होडी रडारवर कशी दिसते हे शंभर वेळा पाहिलेले असेल, तरच धुक्यातील तोच ठिपका ओळखता येतो.

आपल्या दवाखान्यांतही दरवर्षी नवी यंत्रे येतात आणि त्यांच्या माहितीपत्रकांवर सर्वांत मोठा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. तो वाचताना, माझ्या रुग्णाबाबतचा निर्णय नेमका कोणत्या अंतरावर होतो, हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली तर बराच खर्च वाचेल आणि नजरही योग्य ठिकाणी राहील. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात रात्री जाळे टाकून बसलेल्या तांडेलाचा जीव, जवळून जाणाऱ्या नौकेवरील माणूस दोन मैलांच्या आत किती नीट पाहतो, यावरच अवलंबून असतो.